रात्र कोणाच्या मालकीची?



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनस, पगारवाढ नाहीतर बंद पडलेले कारखाने यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज मी दिवे आणि तारे यांच्याविषयी बोलणार आहे. पण घाबरू नका, कामगारही त्यात ओघाने येणारच आहे. त्याला वगळून रात्रीचा इतिहास सांगताच येत नाही.

विजेची बचत म्हणून एखाद्या संध्याकाळी गावाने आपणहून दिवे मालवावेत, आणि त्या अंधारात लहानथोरांनी मिळून आकाश पाहावे, अशी एक कल्पना अलीकडे ठिकठिकाणी निघते. आपल्या आंबिवली-मोहने भागातही ती बोलली जाते. ती ऐकून कोणी म्हणतो, 'हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे.' कोणी म्हणतो, 'आधीच रस्त्यावर दिवे धड नाहीत, त्यात आणखी अंधार कशाला?' दोन्ही आक्षेप मला मोलाचे वाटतात, आणि त्यांची उत्तरे द्यायला हवीत. परंतु त्याआधी आपल्या या पट्ट्यात अंधार कसा होता, तो कोणी घालवला, आणि पुन्हा पुन्हा कोणी आणला, हे पाहणे इष्ट आहे.

उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या मधला हा आपला मुलूख. आगगाडी ठाण्याला १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली आली. विजेचा दिवा येण्यास मात्र पुढे अनेक दशके जावी लागली. तोवर इथला आगरी, कोळी, कातकरी आणि कुणबी माणूस सूर्य मावळला की काळोखात राही, आणि त्या काळोखातले त्याचे घड्याळ व पंचांग डोक्यावर टांगलेले असे. खाडीवरचा कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. शेतकऱ्याच्या पावसाला नक्षत्रांची नावे होती: मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांची म्हातारीची बाज आणि मागचे तिघे ती पळवायला आलेले चोर, ही गोष्ट तर आपल्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जूनच्या ७-८ तारखेला मृग नक्षत्र लागते असे आपण म्हणतो, तेव्हा मृगाचे तारे आकाशात दिसत नसतात. सूर्यच त्या नक्षत्रात गेलेला असतो, त्यामुळे ते दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. जे नक्षत्र दिसत नाही त्यावरून पेरणी ठरवायची, तर आधी पिढ्यान् पिढ्या कोणीतरी पहाटे उठून कोणता तारा सूर्याच्या आधी उगवतो हे पाहिलेले असले पाहिजे. हे ज्ञान पोथीत नंतर गेले. आधी ते उघड्या डोळ्यांनी आणि जागरणाने मिळवलेले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच दीक्षितांनी सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले. माझे शालेय शिक्षण अपुरे राहिले, आणि पुढचे सारे वाचन १८६४ सालापासून चालत आलेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांच्या आधाराने झाले. म्हणून एका शिक्षकाने शास्त्राला 'मौज' म्हणावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

परंतु जुन्या रात्रीचे मी गोडवे गाणार नाही. त्या अंधारात साप होता, विंचू होता. रॉकेलची चिमणी परवडत नसे, म्हणून मुलांचा अभ्यास दिवस मावळताच संपे. बाळंतीण अडली तर वैद्याकडे जायला वाट दिसत नसे. विजेचा दिवा आला तेव्हा गरिबाने त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. तो दिवा पहिल्यांदा गरिबाच्या घरी आला नाही, इथूनच इतिहासाचा पुढचा भाग सुरू होतो.

नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या ठाण्याचे. १८४८ साली त्यांचा जन्म तिथे झाला. हिंदुस्थानातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या साध्या होत्या. आठवड्यात रविवारची सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. कामावर जखमी झालेल्यास भरपाई द्यावी. आणि आणखी एक मागणी अशी की, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

रविवारच्या सुट्टीसाठी आपण लोखंड्यांचे स्मरण करतो, कारण ती १८९० साली मिळाली. सूर्यास्ताची मागणी मात्र विस्मृतीत गेली. मला ती सर्वांत अर्थपूर्ण वाटते. त्या काळी बहुतेक गिरण्या उजेडावर चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम लहान. सूर्यास्तानंतरचा काळ आपला, त्यावर मालकाचा हक्क नाही, एवढेच या मागणीचे म्हणणे होते. रात्र कोणाची, हा प्रश्न कामगारांनी सहीनिशी विचारल्याचा आपल्याकडचा हा बहुधा पहिलाच कागद असावा.

त्याचे उत्तर वीस वर्षांनी आले, आणि ते उलटे आले. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास बसू लागले. कापडाला मागणी होती, उजेडाची अडचण संपली, आणि कामाचा दिवस वाढत वाढत चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार चिडले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली. १९०६ साली एक समिती बसली, पाठोपाठ कारखाना कामगार आयोग नेमला गेला. त्या आयोगात डॉक्टर टी. एम. नायर यांनी आपले वेगळे मत नोंदवून प्रौढ पुरुषांच्याही कामाच्या तासांना थेट कायद्याची मर्यादा घालावी असा आग्रह धरला. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा आली. १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नऊ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा. आपण ज्याला आठ तासांची पाळी म्हणतो, त्या पाळीच्या पाठीमागे विजेच्या दिव्याशी झालेला हा झगडा आहे. सूर्य जी मर्यादा आपोआप घालत होता, ती दिवा आल्यावर कायद्याने घालावी लागली.

त्याच सुमारास आणखी दोन घटना मुंबईत घडल्या. १९०६ च्या जानेवारीत जेकब ससून गिरणीत घड्याळाचे काटे मुंबईच्या स्थानिक वेळेवरून नव्या प्रमाणवेळेवर नेले. फरक ३९ मिनिटांचा. घड्याळातली तीच वेळ सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी येऊ लागली, म्हणजे तेवढे लवकर अंथरूण सोडून गिरणीत हजर व्हायचे. कामगारांनी काम बंद केले. पुष्कळ लोक या प्रसंगाला अडाणीपणा म्हणून हसतात. मला त्यात हिशेब दिसतो. आपल्या झोपेतली मिनिटे कोणी उचलली, हे त्या माणसांना घड्याळ न पाहताही कळले होते.

दुसरी घटना कुलाब्याची. तिथल्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक मोजणी बिघडेल हे शास्त्रज्ञांनी ओळखले. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी जागा उभी राहिली. दोन्ही ठिकाणी काही काळ एकदमच मोजणी करून मेळ घातला गेला, आणि १९०६ साली चुंबकीय काम अलिबागला गेले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. ट्रामही झाली आणि मोजणीही अखंड राहिली. सुधारणेने कशाची हानी होणार हे आधी ओळखून व्यवस्था केली, तर दोन्ही साधतात. हा धडा मी पुढे वापरणार आहे.

वीज आपल्या अंगणात आली ती अशी. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२५ साली मुंबईत विजेची आगगाडी सुरू झाली, आणि १९२९-३० च्या सुमारास ती कल्याणवरून दोन्ही घाटांकडे गेली. त्या गाड्यांसाठी ठाकुर्लीजवळ चोळा पॉवर हाऊस उभे राहिले, जे आता बंद आहे. म्हणजे कल्याणच्या शेजारी वीज तयार होत होती, तिच्यावर गाड्या धावत होत्या, आणि आसपासच्या खेड्यांत मात्र चिमणीच जळत होती. पुढे शहाडला आणि आपल्या मोहन्याला रेयॉनचे कारखाने आले. रेयॉनच्या धाग्याचे काम थांबवता येत नाही. द्रावण गोठले की सगळेच अडते, म्हणून दिवसरात्र तीन पाळ्या. मोहन्याच्या त्या कारखान्याने हजारो घरे उभी केली. २००९ साली तो बंद झाला. त्याच्या चालू काळात रातपाळीचा माणूस पहाटे घरी परतताना पूर्वेला शुक्र दिसला तर 'चांदणी उगवली' म्हणे. पण सगळ्याच ऋतूंत ती दिसत नाही, काही महिने पहाटे आणि काही महिने संध्याकाळी दिसते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. चालून चालून कळले होते.

आता अंधार पुन्हा कोणी कोणी आणला ते पाहू. पहिला अंधार युद्धाचा. १९७१ च्या ३ डिसेंबरपासून १६ डिसेंबरपर्यंत पाकिस्तानशी युद्ध झाले, आणि मुंबई-ठाणे भागात रात्री ब्लॅकआऊट असे. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, कल्याणला रेल्वेचे मोठे जंक्शन. इथे काळजी अधिकच. जुनी माणसे सांगतात, खिडक्यांना काळे-तपकिरी कागद चिकटवलेले असत, मोटारींच्या दिव्यांचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे, आणि फटीतून उजेड दिसला तर पहारा करणारी पोरे खालून ओरडत.

मी सहज त्या दिवसांचे पंचांग उलगडून पाहिले. २ डिसेंबरला पौर्णिमा होती. म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा चंद्र भरलेला, आणि रोज उशिरा उगवत, झिजत झिजत युद्ध संपले तेव्हा अमावास्येला आलेला. दर रात्र आदल्या रात्रीहून काळी. आणि त्यातच १३-१४ डिसेंबरची रात्र आली. दरसाल याच रात्री मिथुन राशीकडून उल्कांचा वर्षाव होतो. वर्षातल्या सर्वांत चांगल्या वर्षावांत त्याची गणना आहे. त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवायचा नव्हता, आणि खाली मुंबईपासून कल्याणपर्यंत दिवे बंद. या भागाला त्यानंतर इतके काळे आकाश आणि असा वर्षाव एकाच रात्री मिळाला असेल असे मला वाटत नाही. आणि तो पाहिला कोणी? आकाशाकडे डोळे होते, पण ते विमाने शोधत होते. अंधार होता, तरी तो भीतीचा होता, आणि भीतीच्या अंधारात माणूस तारे मोजत नाही.

दुसरा अंधार टंचाईचा. २००५ नंतरची काही वर्षे आपल्या राज्यात विजेचा तुटवडा काही हजार मेगावॉटचा होता. भारनियमन हा शब्द तेव्हा लहान मुलांनाही पाठ झाला. मुंबई शहर त्यातून बहुतांशी वाचले. कल्याणपासून पुढे मात्र वेळापत्रकाप्रमाणे, आणि पुष्कळदा वेळापत्रकाबाहेरही, दिवे जात. रातपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा पंख्याविना झोप नाही, आणि पोरांची परीक्षा मेणबत्तीवर. त्या काळात चाळीतली माणसे गच्चीवर आणि ओट्यावर येऊन बसत, गप्पा होत, आणि एखादे पोर वर बोट दाखवून 'तो कोणता?' असे विचारी. उत्तर देणारा मात्र सापडत नसे. आजीकडे ज्ञान होते, पण आजी गावी. बापाकडे अंधार होता, पण त्याचा जीव वीज कधी येते याकडे लागलेला. २६ जुलै २००५ च्या महापुरात तर दिवेही गेले आणि आकाशही ढगांनी झाकलेले. नुसता अंधार असून भागत नाही, हे त्या दिवसांनी आपल्याला पुरते पटवले आहे.

तिसरा अंधार आवाहनाचा. ५ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावाव्यात असे आवाहन पंतप्रधानांनी केले. हेतू ऊर्जाबचतीचा नव्हता. तरी देशाची विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली आणि पुन्हा चढली. अंदाज याच्या निम्म्याहून कमीचा होता. जलविद्युत केंद्रांतल्या आणि भारप्रेषण केंद्रांतल्या कामगार-अभियंत्यांनी तो झोका सांभाळला, ग्रिड कोसळू दिले नाही. त्या रात्री पश्चिमेला शुक्र कृत्तिकांच्या अगदी जवळ होता, असा योग वर्षानुवर्षे येत नाही. पण चैत्री पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर होती, चंद्र झगझगीत. शिवाय नऊ मिनिटांत डोळे अंधाराला सरावत नाहीत. त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात.

या तिन्ही अंधारांत एक साम्य आहे. वेळ दुसऱ्याने ठरवली, चंद्र पाहून ठरवली नाही, आणि तारे हा त्यांचा विषयच नव्हता. आपण आपणहून, चर्चा करून, तारीख पाहून अंधार करायचा, हा चौथा प्रकार इतिहासात नवा आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात ३१ मार्च २००७ रोजी पहिला 'अर्थ अवर' झाला, आणि मार्चअखेरच्या शनिवारी तासभर दिवे मालवण्याची प्रथा जगभर गेली. २००९ पासून आपला देशही त्यात आहे. २०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा ठराव केला. ज्या भोंग्याने दीडशे वर्षे माणसाला कामावर बोलावले, तो भोंगा एका गावाने स्वतःच्या पोरांच्या अभ्यासासाठी लावला, याचा मला कामगार म्हणून आनंद वाटतो. आणि २०२४ च्या जानेवारीत नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे जवळच्या गावांत रस्त्यावरचे दिवे काढले नाहीत. त्यांची तोंडे जमिनीकडे वळवली. कुलाबा-अलिबागचा धडा तो हाच. आपल्या बाजूला कर्जतच्या मार्गावर वांगणी येथे खगोल मंडळाची मंडळी रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आली आहेत. १९८५ साली, हॅलेचा धूमकेतू येण्याच्या सुमारास, ही संस्था निघाली.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो, याने खरोखर वीज वाचते का? हिशेब करून पाहू. एक हजार घरांनी प्रत्येकी नऊ वॅटचे पाच दिवे एक तास बंद ठेवले, तर ४५ युनिट वाचतात. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जमान्यात हाच आकडा ३०० असता. ४५ युनिट म्हणजे दीड किलोवॉटची तीस वातानुकूलन यंत्रे एक तास चालतील एवढी वीज. आता दुसरा हिशेब. जाहिरातीच्या फलकावर किंवा गच्चीवर पन्नास वॅटचा एकच दिवा रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत विनाकारण जळत असेल, तर वर्षाला सुमारे १२८ युनिट जातात. हजार घरांच्या एका तासाच्या जवळजवळ तिप्पट! तेव्हा एका संध्याकाळच्या अंधाराने वीज वाचवली अशी शेखी आपण मिरवू नये. त्या संध्याकाळी गच्चीवर उभे राहून कोणता दिवा उगाच आकाशात उजेड फेकतो आहे हे आपल्या डोळ्यांना दिसेल, आणि तो नंतर वर्षभर बंद ठेवता येईल. बचत आहे ती तिथे.

आणि तोटा किती वेगाने होतो आहे तेही ऐका. जगभरातल्या सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात उघड्या डोळ्यांनी तारे पाहून पाठवलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आहेत. त्यांवरून रात्रीचे आकाश दरसाल सुमारे दहा टक्क्यांनी अधिक उजळ होत असल्याचे दिसले. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. अंधाऱ्या जागेवरून एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात. आपल्या स्टेशनबाहेर उभे राहून मोजा, हातापायांच्या बोटांची संख्या पुरते की नाही ते पाहा. मग शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली असे कसाऱ्याकडे जात एकेका स्टेशनावर तेच करा. महिन्याच्या पासावर होणारे याहून स्वस्त शास्त्रीय संशोधन मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. शेवटच्या गाडीने उतरणारी परिचारिका, घरकाम करून परतणारी बाई, दुसऱ्या पाळीचा कामगार यांना स्टेशनच्या वाटेवर दिवा हवा. तो त्यांचा हक्क आहे आणि कोणत्याही हौसेसाठी त्याला हात लावता कामा नये. म्हणून माझ्या काही अटी आहेत. स्टेशनचा रस्ता, पुलाचे जिने, दवाखाने, रेल्वेचे फाटक आणि सिग्नल यांचे दिवे तसेच राहावेत. बंद व्हावेत ते घराबाहेरचे, गच्चीवरचे, दुकानाच्या पाट्यांचे आणि शोभेचे. वीज कंपनीच्या लाईनमनला 'फीडर पाड' असे कोणी सांगू नये. एक तर अचानक भार पडल्या-चढल्याने यंत्रणेला धक्का बसतो, आणि दुसरे म्हणजे तो अंधार पुन्हा लादलेला होतो. प्रत्येकाने आपले बटण आपल्या हाताने दाबावे. ज्याला दाबायचे नसेल त्याला कोणी दटावू नये. संप कसा करावा हे मी आयुष्यभर शिकलो. जबरदस्तीने घडवलेला संप दुसऱ्या दिवशी मोडतो, आणि पटवून केलेला टिकतो. दिव्यांचेही तसेच आहे.

तारीखही मी सुचवतो. १४ डिसेंबर हा १९९१ पासून राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. सरकारी कचेऱ्यांत भाषणे होतात, फलक लागतात. तीच मिथुन राशीच्या उल्कांची रात्र आहे हा योगायोग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १३ तारखेच्या रात्री दहा ते अकरा हा एक तास आपण घ्यावा. ज्या वर्षी त्या वेळी मोठा चंद्र असेल त्या वर्षी जवळची अमावास्या धरावी. पहिला अर्धा तास नुसते बसावे, मोबाईल खिशात ठेवावा, डोळे सरावू द्यावेत. पूर्वेच्या बाजूला मृग चांगला वर आलेला असेल. त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली तेजस्वी व्याध. वर कृत्तिकांचा पुंजका. उत्तरेकडे हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की सुमारे तेवढ्याच उंचीवर ध्रुव सापडेल, कारण आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. दक्षिणेला अगस्ती नुकता डोके वर काढत असेल. तोच अगस्ती फेब्रुवारीत रात्री माथ्याच्या रेषेवर येतो तेव्हा दक्षिणेला साधारण १८ अंशांवर असतो. म्हणजे आंबिवलीच्या गच्चीवरून उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्ती जवळपास सारख्याच उंचीवर दिसतात. दिल्लीकराला किंवा लंडनकराला हे दृश्य मिळत नाही. ते आपल्या गावाचे आहे.

त्या तासाला माहितगार म्हणून शहरातून वक्ता आणण्याची घाई करू नये. आधी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना खुर्ची द्यावी. आगरी आजोबांना पावसाची नक्षत्रे सांगू द्यावीत, खाडीवरच्या माणसाला भरतीचा हिशेब मांडू द्यावा, रातपाळीत पस्तीस वर्षे काढलेल्या कामगाराला चांदणीची गोष्ट सांगू द्यावी. मग शाळेच्या शिक्षकांनी त्यातले खरे काय, अपुरे काय, ते समजावून द्यावे. मुलांनी वहीत किती उल्का दिसल्या ते लिहावे, आणि कोणते दिवे आकाशाकडे तोंड करून जळत होते तेही लिहावे. दुसऱ्या दिवशी ती दुसरी यादी घेऊन आपण नगरसेवकाकडे आणि पालिकेकडे जाऊ. निवेदन कसे लिहायचे ते मी शिकवीन, तेवढे मला येते.

लोखंड्यांनी १८८४ साली सूर्यास्तानंतरची रात्र कामगारासाठी मागितली. ती पूर्णपणे मिळाली नाही, आणि कारखान्यांच्या जगात ती पूर्ण मिळणे शक्यही नव्हते. रुग्णालये, रेल्वे आणि वीजकेंद्रे रात्री चालवणारे हात आपल्याच वस्तीतले आहेत. पण वर्षातून एक तास आपल्या रात्रीचे काय करायचे हे आपणच ठरवावे, एवढी मागणी फार मोठी नाही. तिच्यासाठी कोणाकडे अर्ज करण्याचीही गरज नाही.

हे व्याख्यान संपल्यावर मंडपाच्या दिव्यांपासून शंभर पावले दूर जा. उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले आहेत. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, आणि आणखी पुढे चित्रा. तेवढे दोन ओळखून घरी गेलात तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.